रुकेंच्या घरातला आकडा

गुरुवारी सकाळी दहा वाजता नोटरीबाईंच्या कचेरीत सही झाली की घर हानेकेचं राहणार नव्हतं. त्याआधी तिला एकच काम उरकायचं होतं. गल्ली ओलांडायची, झेली व्हिदालच्या दारावर टकटक करायची आणि एक वस्तू परत मागायची. गल्लीची रुंदी म्हणाल तर बारा पावलं. त्या एका कामासाठी ती बारा पावलं टाकायला हानेकेला एकतीस वर्षं पुरली नव्हती, आणि आता हातात तीन दिवस होते.

वस्तू म्हणजे लोखंडाचा एक आकडा. हातभर लांब पट्टी, एका अंगाला करवतीसारखे दाते, खाली वाकवलेलं टोक. जुन्या घरात भिंतीतल्या मोठ्या चुलीत हा धुराड्याच्या आतून लोंबतो आणि त्याला सूपाचं भांडं अडकवतात. जाळ वाढला की भांडं एक दाता वर, जाळ उतरला की एक दाता खाली. आता गॅस आला, वीज आली, त्यावर कुणी स्वयंपाक करत नाही. पण कोंबरूज गावाचं डोकं गॅसवर चालत नाही. घर विकत घ्या, कागद करा, छत बदला, दहा वर्षं कर भरा. चुलीत आकडा लावून चार लोकांना त्याच्याखालचं सूप पाजलं नाही, तर तुम्ही त्या घरात अजून शिरलाच नाहीत असं गाव धरून चालतं. तोंडावर कुणी बोलत नाही. मनात मात्र धरून चालतं.

हानेके आणि तिचा नवरा योस्त हॉलंडमधल्या झ्वोल्ल शहरातून इथे आले ते एक्क्याण्णव साली. योस्त शाळेत भूगोल शिकवायचा. आयुष्यभर सपाट देशात राहिलेला माणूस. त्याला डोंगराचं वेड लागलं यात नवल नाही. सुट्टीत फ्रान्समधल्या आव्हेरोंच्या डोंगरात भटकताना त्याने हे घर पाहिलं. दगडी भिंती, पाटीच्या दगडाचं छत, अंगणात अक्रोडाचं झाड आणि दारावर 'विकणे आहे'. त्याने हानेकेकडे पाहिलं आणि हानेकेने कपाळाला हात लावला. एवढ्यावरच व्यवहार ठरल्यासारखा होता.

घर रुकेंचं. म्हातारा रुके वारला तेव्हा त्याचे सात वारस. त्या देशात सातातल्या एकानेही सही नाही केली तर घर जागचं हलत नाही. म्हणून मार्चमधल्या एका दिवशी नोटरीच्या कचेरीत सातही जण ओळीने बसले होते, आणि नोटरी दीड तास खरेदीखत वाचत होता. शेवटच्या खुर्चीवर काळी पर्स मांडीवर धरून एक साठीची बाई बसली होती. ती म्हाताऱ्याची थोरली मुलगी झेली. जन्मली याच घरात, लग्न करून गेली ती समोरच्या व्हिदालांच्या घरात. बारा पावलांवरचं सासर. सगळं वाचून झाल्यावर नोटरीने विचारलं, कुणाला काही बोलायचंय का. सहा जणांनी घड्याळाकडे पाहिलं. झेली म्हणाली, "धुराडं चांगलं ओढतं. जपून वापरा." आणि सही केली.

वारसांनी वाटण्या आधीच केल्या होत्या. एकाने भिंतीवरचं घड्याळ नेलं, एकीने कपाट नेलं, एकाने तर दारांच्या मुठी काढून नेल्या. आकड्याला कुणी हात लावला नाही. तो घराचा असतो, माणसाचा नसतो. हे रुकेंच्या सातही पोरांना ठाऊक होतं. हानेके आणि योस्तला कोण सांगणार? आणि सांगण्यासारखं हे काही आहे असं तरी कुणाला वाटणार?

आता डच माणसांची एक सवय सांगायला हवी, नाहीतर पुढे जे झालं ते नुसता गाढवपणा वाटेल. त्यांच्याकडे राणीच्या वाढदिवसाला अख्खा देश घरातली अडगळ घेऊन रस्त्यावर बसतो. जुने बूट, कपबशा, पोरांची खेळणी, सगळं मांडायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विकायचं. त्यात कमाई काही होत नाही, पण गप्पा होतात, शेजाऱ्यांची ओळख होते. हानेकेची लहानपणीची पहिली मैत्रीण तिला एका फुटक्या बाहुलीच्या सौद्यात मिळाली होती. त्यामुळे ऑगस्टमध्ये कोंबरूजच्या चौकात अडगळीचा बाजार भरणार असं कळल्यावर दोघांना आनंदच झाला. गावात मिसळायची याहून चांगली संधी कुठली?

योस्तने घर धुंडाळलं. लाकडी खडावा, बिनकाट्यांचं घड्याळ, बरण्या आणि धुराड्यातला तो काळाकुट्ट आकडा. तारेच्या ब्रशने त्याने दोन दिवस घासला. शंभर वर्षांची काजळी खरवडून त्याने तो चांदीसारखा पांढरा केला, आणि वर चिठ्ठी लावली: पन्नास फ्रँक.

लोक आले. टेबलापाशी थांबले, आकडा पाहिला, बरण्यांचे भाव विचारले आणि निघून गेले. गावचा मेयर, म्हणजे सरपंचच, बराच वेळ उभा राहिला, दोनदा खोकला आणि एक बरणी घेऊन गेला. त्याच्या घरी आधीच तळघरभर बरण्या होत्या. दुपार कलल्यावर झेली आली. काळी पर्स, वर घरातला निळा एप्रन.

"केवढ्याला?" तिने विचारलं.

"पन्नास. पण तुम्ही शेजारी, तुम्हाला चाळीस," योस्त हसत म्हणाला.

"पन्नास लिहिलंय ना?" तिने पन्नासची नोट ठेवली, एप्रन सोडला, आकडा त्यात तान्ह्या पोरासारखा गुंडाळला आणि गेली.

"झाली बघ पहिली मैत्री," योस्त हानेकेला म्हणाला. वर्षानुवर्षं हे वाक्य आठवलं की दोघांची मान खाली जायची.

सप्टेंबरात त्यांनी गावाला घरी बोलावलं. नवं घर घेतलं की इथे बोलावतात एवढं त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकात वाचून जेवढं कळतं तेवढंच कळलं होतं. हानेकेने चीजचे चौकोनी तुकडे करून त्यांना काड्या टोचल्या. माणसं आली, झेली सोडून सगळी. ग्लास हातात घेऊन सगळे चुलीसमोर गोळा झाले, रिकाम्या धुराड्याकडे पाहिलं आणि हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या. शेवटी मेयरला राहवलं नाही. त्याने योस्तला अंगणात अक्रोडाखाली नेलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. आकडा काय असतो, कुणाचा होता, कुणी नेला आणि नवा माणूस घरात शिरताना काय करतात.

योस्त परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. पाहुणे गेल्यावर तो म्हणाला, "मी आत्ता जातो आणि मागून आणतो."

हानेकेने त्याला दारात अडवलं. "पैसे घेऊन विकलेली वस्तू परत मागायची? काय वाटेल त्यांना? आधी विकायला काढली म्हणून दुखावलं, आता तोंड वर करून मागतोय. थोडे दिवस जाऊ दे."

थोडे दिवस गेले. मग थोडे महिने. मग ती मागायची गोष्ट शिळी झाली, आणि शिळी गोष्ट काढायला ताजीपेक्षा दुप्पट धीर लागतो. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. हानेकेच्या घरी ती बहीण कायमची मुक्कामाला आली.

तसं पाहिलं तर झेलीशी वैर कधीच नव्हतं. उलट या गावात कसं राहायचं ते हानेकेला झेलीनेच शिकवलं. पहिल्या हिवाळ्यात डच पद्धतीने खिडक्यांना पडदा नाही, लाकडी झडपा सताड उघड्या आणि आत दिवे. योस्त भांडी घासताना अख्खी गल्ली बघायची. चौथ्या दिवशी झेली दारात हजर.

"मादाम, तुमच्या झडपा बिघडल्यात का?"

"नाही तर."

"मग संध्याकाळी लावत का नाही?"

"आमच्याकडे लावत नाहीत," हानेके जरा तोऱ्यात म्हणाली. "लपवण्यासारखं काही नसतं."

"आमच्याकडेही नसतं," झेली म्हणाली. "पण ते लोकांना दाखवत बसत नाही."

त्या दिवसापासून झडपा लागायला लागल्या. त्या सकाळी आठच्या आत उघडायच्या असतात, हे नंतर कळलं. दोघं तापाने फणफणून पडली होती. साडेनवाला दार धडाधड वाजलं. बाहेर झेली, मेयर आणि मेयरच्या हातात पहार. "मेलात असं वाटलं," झेली म्हणाली आणि तासाभराने सूपाचा डबा ठेवून गेली.

हानेकेच्या कॉफीचं तर गावात प्रकरण झालं. तिने पहिल्यांदा झेलीला कॉफीला बोलावलं, एक कप दिला, डबा उघडून एक बिस्किट दिलं आणि डबा बंद करून फडताळात ठेवला. तिच्या आईनेही तसंच केलं असतं, आजीनेही. झेलीने ते बिस्किट उलटसुलट करून पाहिलं. "युद्धात दोन मिळायची," ती म्हणाली. पुढे हानेके डबा उघडा ठेवायला शिकली. बारा ते दोन कुणाला फोन करायचा नाही, जेवायला बोलावलं तर दहा मिनिटं उशिरा जायचं, पाव टेबलावर उलटा ठेवायचा नाही, हेही शिकली. झेली वरचेवर येत राहिली. भिंतीवर टोमॅटो ठेवायची, भोपळे ठेवायची. योस्तशी भांडायची, कारण तो द्राक्षवेल फूटपट्टी लावून छाटायचा. योस्त गेला तेव्हा ती सलग तीन दिवस हानेकेच्या स्वयंपाकघरात बसून होती. नुसते बटाटे सोलत राहिली.

पण या सगळ्या काळात झेली त्या स्वयंपाकघरात कधीही चुलीकडे तोंड करून बसली नाही. खुर्ची फिरवायची आणि पाठ करून बसायची. एकदा हानेकेने धुराड्यातल्या रिकाम्या कडीला जिरेनियमची कुंडी टांगली. झेली आत आली, कुंडी पाहिली, कॉफी अर्धी टाकून उठली. संध्याकाळी योस्तने कुंडी काढली. त्यानंतर कडी रिकामीच राहिली, आणि गावाने घराला डचांचं घर कधीच म्हटलं नाही. पोस्टमन नवा आला तरी त्याला सांगायचे, रुकेंच्या घरी पत्र टाक.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात योस्त एकदा म्हणाला होता, "आकडा मागायला हवा होता गं." त्याने तिला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं असं हानेकेला अजून वाटतं.

दोन वर्षं ती एकटी राहिली. मग गुडघा गेला, हिवाळ्यात जिन्यावर पडली, आणि मुलगी मार्लूसने झ्वोल्लमध्ये स्वतःच्या घराजवळ तळमजल्यावरचा फ्लॅट शोधला. नांत शहराकडून एक तरुण जोडपं आलं, एलोई आणि सोलेन. घर पाहून दोघं एकमेकांकडे बघायला लागली, आणि हानेकेला जुना योस्त दिसला. तिने त्यांनाच घर दिलं. आता गुरुवारी शेवटची सही आणि शनिवारी मार्लूस गाडी घेऊन येणार.

सोमवारी हानेके अक्रोडांची टोपली घेऊन गल्ली ओलांडून गेली. झेली आता एक्क्याण्णव वर्षांची होती. पाठीत वाकलेली, पण जीभ पूर्वीचीच. दोघी अक्रोड फोडत बसल्या.

"मादाम व्हिदाल, मला तुम्हाला एक विचारायचं होतं," हानेके म्हणाली.

"विचारा की."

हानेकेने अक्रोड फोडला. तो किडका निघाला. "यंदा किडके जास्त आहेत का?"

"पावसाने," झेली म्हणाली. विषय तिथेच संपला.

मंगळवारी पाववाल्याच्या गाडीपाशी दोघी उभ्या होत्या. मागे कुणी नव्हतं. हानेकेने तोंड उघडलं तेवढ्यात पाववाल्याने विचारलं, "तुम्ही निघालात म्हणे, मादाम? मग शनिवारचा पाव ठेवायचा की नाही?" हानेकेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. काय बाई आहे मी, तिच्या मनात आलं. घर विकताना रडले नाही, आणि पावावरून रडतेय. "ठेवा," ती म्हणाली.

बुधवारी दुपारी दोन वाजून गेल्यावर ती पुन्हा गेली. या वेळी हातात टोपली नव्हती. टोपली असली की टोपलीवरच बोलणं होतं, हे तिला कळून चुकलं होतं. झेलीने दार उघडलं. हानेके आत न जाता उंबऱ्यातच म्हणाली, "मादाम व्हिदाल, तो आकडा मला परत हवाय. आम्ही चुकलो होतो. तेव्हाच मागायला यायचं होतं. योस्त येत होता, मी अडवलं."

झेलीने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाली, "कशाला हवाय?"

"जाण्याआधी एकदा त्या जागी लावायचाय."

"जाणाऱ्याला आकडा देत नसतात," झेली म्हणाली. "शिरणाऱ्याला देतात."

"हो, पण..."

"पण काय? उद्या तुम्ही सही करणार. आज लावून काय करणार? दिवसाभराचं घर?" झेलीचा आवाज चढला नाही, पण हात दाराच्या चौकटीवर घट्ट झाला. "अडगळीत मांडलात याचा राग सहा महिन्यांत गेला माझा. तुम्हाला काय ठाऊक असणार? राग नंतरचा आहे. रोज सकाळी झडप उघडली की म्हणायची, आज येईल मागायला. कधी टोमॅटोची रिकामी टोपली परत द्यायला येत होतात, कधी स्क्रू मागायला येत होतात. तुमच्या नवऱ्याने माझ्याकडून शिडी नेली, पंप नेला, कोंबडा नेला. आकडा तेवढा मागितला नाही."

"मला वाटलं तुम्ही देणार नाही."

"मागितला असता तर त्याच दिवशी दिला असता."

"मग तुम्हीच का नाही आणून दिलात?" हानेकेच्या तोंडून निघून गेलं.

झेलीने तिच्याकडे पाहिलं. "घर तुमचं होतं. मी कोण? दुसऱ्याच्या घरात न बोलावता आपला आकडा लावायला जाऊ?" मग ती म्हणाली, "उद्या रात्री झोपणार कुठे आहात? सामान तर गेलं तुमचं."

"हॉटेलात."

"हॉटेलात," झेली म्हणाली. "माझ्या माडीवर खाट आहे. बोलणं संपलं म्हणून काय झोपायचं नाही माणसाने?"

हानेके परत आली आणि रिकाम्या स्वयंपाकघरात खिडकीच्या कट्ट्यावर बसली. एका म्हातारीने मागण्याची वाट पाहिली आणि दुसरीने देण्याची, आणि मधे फक्त बारा पावलांची गल्ली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिला योस्तवर राग आला की त्याने तिचं का ऐकलं. मग स्वतःवर आला. मग नुसतं रडू आलं, आणि या वेळी तिने ते पावावर ढकललं नाही.

गुरुवारी नोटरीबाईंनी खरेदीखत वाचलं. आता सगळं पडद्यावर दिसतं, तरी वाचायला तासभर लागलाच. विकणारी एकटी हानेके. समोर एलोई आणि सोलेन, दोघांचे हात टेबलाखाली एकमेकांत. वाचून झाल्यावर नोटरीबाईंनी विचारलं, कुणाला काही बोलायचंय का.

हानेकेला शेवटच्या खुर्चीवरची काळी पर्स आठवली.

"धुराडं चांगलं ओढतं," ती म्हणाली. "पण त्या चुलीत एक वस्तू कमी आहे. ती समोरच्या मादाम व्हिदालकडे आहे. आज किल्ली घेतलीत की आधी त्यांच्या दारावर जा आणि मागा. सामान नंतर उतरवा."

"काय वस्तू?" एलोईने विचारलं.

"त्याच सांगतील."

"पण असं ओळख नसताना..." सोलेन जरा बिचकली. "बरं दिसेल का?"

"दिसणार नाही बरं," हानेके म्हणाली. "तरी जा. आजच. बरं दिसायची वाट बघत मी तिथे एकतीस वर्षं काढली."

नोटरीबाई चष्म्यावरून बघत राहिल्या. मग सगळ्यांनी सह्या केल्या.

संध्याकाळी हानेके झेलीच्या माडीवर बॅग उघडत होती तेव्हा खाली दार वाजलं. एलोई आणि सोलेनचे आवाज आले, मग झेलीचा आला. नंतर झेलीची हाक जिन्यातून वर आली. "मादाम, शनिवारी बारा वाजता. तुमची मुलगी कधी येतेय?"

"बाराच्या सुमारास."

"तिला सांगा, सावकाश चालव."

शनिवारी अकरा वाजता झेली एलोईच्या हाताला धरून गल्ली ओलांडून गेली. मागून कोबीचं, बटाट्याचं आणि डुकराच्या खारवलेल्या मांसाचं सूप अर्ध्यावर शिजलेलं, दोन मुठींच्या काळ्या भांड्यात. ते सोलेनने आणि हानेकेने मिळून उचललं होतं. मेयर आला. जुना कधीच वारला होता. हा त्याचा मुलगा. पाववाला आला, दोनचार शेजारी आले. स्वयंपाकघरात खोकी पसरली होती. खुर्ची एकच होती, ती झेलीसाठी. एलोईने ती नकळत चुलीकडे पाठ करून ठेवली.

"फिरवा," झेली म्हणाली. खुर्ची चुलीकडे फिरली आणि ती बसली.

मग तिने मांडीवरचं गाठोडं सोडलं. निळा एप्रन, धुवून धुवून निळा कमी आणि पांढरा जास्त राहिलेला. आत आकडा होता. हानेकेने तो शेवटचा पाहिला तेव्हा योस्तच्या ब्रशने पांढरा झाला होता. आता तो काळाभोर होता आणि त्यावर तकाकी होती. गंजाचा ठिपका नाही.

"दर नोव्हेंबरात डुक्कर मारलं की चरबी लावायची," झेली म्हणाली. "नाहीतर लोखंड खातं स्वतःला."

चुलीत जाळ तयार होता. एलोई बाह्या सरसावून पुढे झाला.

"तुम्ही नाही," झेली म्हणाली. "घरात शिरणारा लावत नसतो. घरचं माणूस लावतं आणि शिरणारा खाली भांडं अडकवतो."

"मग तुम्हीच लावा ना, मादाम," सोलेन म्हणाली. "आम्ही खुर्ची धरतो."

"माझा हात खांद्याच्या वर जात नाही." झेलीने मान वळवली. "हानेके, तू लाव."

इतकी वर्षं ती मादाम होती. हानेकेला क्षणभर कळलं नाही की हाक कुणाला आहे.

"मी?" ती म्हणाली. "मी तर चाललेय. आणि मी घरची कुठे? माझ्या हातून तर तो..."

"मी या घरातून बाहेर पडले तेव्हा तेवीस वर्षांची होते," झेली म्हणाली. "तेवीस वर्षं राहिले इथे. तू किती राहिलीस?"

एकतीस. सगळ्यांना ठाऊक होतं.

"आठ वर्षं जास्त. आता वाद घालू नकोस, जाळ उतरेल."

मेयरने खोकं पालथं घातलं. दुखऱ्या गुडघ्याने हानेके त्यावर चढली. एका बाजूने मेयरने धरलं, दुसऱ्या बाजूने पाववाल्याने. धुराड्यात हात घातला, काजळीत चाचपडला. कडी होती तिथेच होती. योस्तने तिला दरवर्षी तेलाचा थेंब दिला होता, हे तिच्या बोटांना आत्ता कळलं. कडी सहज फिरली. आकडा अडकला आणि लोखंडावर लोखंड टेकल्याचा आवाज झाला. गल्लीच्या त्या बाजूला एप्रनमध्ये राहिलेली वस्तू आपल्या जागी जाऊन लोंबायला लागली.

"कितव्या दात्यावर?" एलोईने भांडं उचलत विचारलं.

"तिसऱ्या," झेली म्हणाली. "आई तिसऱ्यावर लावायची."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मार्लूस आली होती, आणि मार्लूस वेळेची पक्की, आईसारखीच. हॉर्न पुन्हा वाजला. हानेके खोक्यावरून उतरून दाराकडे निघाली.

"बस," झेली म्हणाली. "तिलाही आत बोलाव. सूप उकळल्याशिवाय आमच्या घरातून कुणी जात नाही."

मार्लूसला आत यावं लागलं, खोक्यावर बसावं लागलं आणि दोन वाट्या सूप प्यावं लागलं. सोलेनने बिस्किटांचा डबा उघडला आणि सगळ्यांच्या मधे ठेवून दिला. झेली जाळाकडे बघत होती आणि अधूनमधून एलोईला सांगत होती, एक दाता वर घे, आता खाली घे. निघायला तीन वाजले.

गाडी गल्लीतून वळताना पाववाल्याने खिडकीतून पाव आत दिला. शनिवारचा ठेवलेला होता. "आई, हात तरी पूस," मार्लूसने ओले रुमाल पुढे केले. हानेकेने बोटांकडे पाहिलं. नखांत काजळी होती आणि हाताला चरबीचा वास येत होता. तिने रुमाल मांडीवर तसेच राहू दिले. बेल्जियम ओलांडून गेल्यावरही तिने हात पुसले नव्हते.